अनुमोदक

आमच्या महापालिकेची जुनी इतिवृत्तं कधी चाळलीत, तर प्रत्येक ठरावाखाली दोन नावं दिसतील. वर सूचक, खाली अनुमोदक. सूचक बदलत राहतात. कुणी पक्ष बदलतो, कुणी पडतो, कुणी आमदार होतो आणि मग पालिकेकडे फिरकत नाही. खालचं नाव मात्र पानामागून पान एकच: बापू. रस्ता रुंद करायचा असो की आहे तेवढाच ठेवायचा असो, भटक्या कुत्र्यांची नसबंदी असो की शववाहिकेचे टायर, बापूंचं अनुमोदन आहे.

बापू पूर्ण उभे राहून अनुमोदन देत नाहीत. पूर्ण उभं राहिलं की लोकांना वाटतं, आता हे बोलणार. बसूनही देत नाहीत, कारण तो सभागृहाचा अवमान. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन ते निम्मे उठतात, माइकचं बटण दाबतात, लाल दिवा लागेपर्यंत थांबतात, "माझं अनुमोदन आहे" एवढं म्हणतात आणि टेकतात. कीर्तनात बुवा कुठल्या कुठे भरकटले तरी मागचा टाळकरी ठेका सोडत नाही, तशी सभागृहात केवढाही गदारोळ असला तरी बापूंची वेळ चुकत नाही. आम्ही पत्रकार कक्षात बसून वर्षानुवर्षं पाहिलं आहे. नगरसचिव विषय क्रमांक वाचतात ते अशा वेगाने, की "विषय क्रमांक बारा" एवढंच ऐकू येतं आणि पुढचं सगळं 'मान्यता देणेबाबत' या शब्दांत बुडून जातं. त्या 'बाबत'मधला 'त' सभागृहात अजून घुमत असतो तेव्हा बापू निम्मे उठलेले असतात.

लोकांना वाटतं, सभेत कामकाज होतं. होतंही, पण त्याआधी तहकुबी होते. मुंबई सोडून राज्यातल्या सगळ्या महापालिका ज्या १९४९च्या कायद्यावर चालतात, त्यात महिन्यातून निदान एक सर्वसाधारण सभा, तीही २० तारखेच्या आत, घ्यावी असं म्हटलं आहे. घ्यावी म्हटलंय, पुरी करावी असं काही म्हटलेलं नाही. तेव्हा १९ तारखेला सभा भरते, मागल्या महिन्यात जे कुणी थोर लोक गेले त्यांना श्रद्धांजली वाहिली जाते, सभागृह दोन मिनिटं उभं राहतं आणि कुणीतरी तहकुबीची सूचना मांडतो. बापू आधीच उभे असतात, त्यामुळे तेवढ्या एका अनुमोदनासाठी त्यांना उठावं लागत नाही. कायदाही पाळला गेला आणि चहाही वेळेवर झाला. एका महिन्यात कुणी थोर माणूस गेलाच नाही तेव्हा सत्ताधारी पक्षाच्या गटनेत्यांची काय तारांबळ उडाली ते मी पाहिलं आहे. शेवटी गणसंख्येने लाज राखली. निम्मं सभागृह लग्नाला गेलं होतं.

बापू पहिल्यांदा निवडून आले २००२ साली, प्रभागात तीन जागा होत्या तेव्हा. पुढच्या दोघांचे फोटो मोठे, बापूंचा लहान. पुढचे दोघे बोलायचे, बापू हात जोडायचे. २००७ साली एकसदस्यीय प्रभाग आला आणि बापूंची कसोटी लागली. एकट्याने मतं मागायची म्हणजे आधी स्वतःला सूचक व्हावं लागतं! प्रचारसभेत त्यांनी अर्ध्या मिनिटात भाषण उरकलं: "माझ्याबद्दल तुम्ही जे काही चांगलं म्हणाल, त्याला माझं अनुमोदन आहे." निवडून आले. आपल्याकडे लहान भाषणाला मतं पडतात हे राजकीय पक्षांना अजून समजलेलं नाही.

बापूंच्या कारकिर्दीतलं सर्वात गाजलेलं प्रकरण चौकाचं. एका सभेत एका नगरसेवकाने त्याच्या वडिलांचं नाव चौकाला देण्याचा ठराव मांडला. वडील तालमीतले नामांकित पैलवान. बापूंनी अनुमोदन दिलं. ऐनवेळच्या विषयांत दुसऱ्याने एका संगीतशिक्षकांचं नाव एका चौकाला सुचवलं. शिक्षकांकडे बापूंची मुलगी पेटी शिकलेली. बापूंनी अनुमोदन दिलं. दोन्ही ठराव सर्वानुमते मंजूर झाले. चौक एकच होता हे रंगाऱ्याच्या लक्षात आलं. तो दोन पाट्या घेऊन उन्हात उभा राहिला आणि कनिष्ठ अभियंत्याला फोन करू लागला. अभियंत्याने लेखी आदेश मागितला, मालमत्ता विभागाने अभिप्रायासाठी फाइल नगरसचिवांकडे पाठवली, नगरसचिवांनी दोन्ही ठरावांच्या प्रती जोडून ती परत पाठवली. आज चौकाच्या उत्तरेला पैलवान आहेत, दक्षिणेला संगीतशिक्षक. रिक्षावाले त्याला 'पंक्चर चौक' म्हणतात. बापूंना मी विचारलं, "दोन्हीला कसं काय?" ते म्हणाले, "अहो, दोघंही मोठी माणसं होती. त्यात वाद आहे का?"

वाद नव्हताच. तोच तर पेच असतो.

दुसरं प्रकरण कचऱ्याचं. शहरातला कचरा आणून मोठ्या गाड्यांत भरायचं केंद्र कुठे करायचं, यावर दोन वर्षं खल चालला होता. जो तो म्हणे, केंद्र हवंच, फक्त माझ्या प्रभागात नको. एके दिवशी एका उपसूचनेत जागा आली. उपसूचना म्हणजे मूळ ठरावाच्या पाठीवर बसून आत शिरणारी सूचना. मूळ ठराव उद्यानातल्या कारंज्यांच्या दुरुस्तीचा होता. सर्व्हे नंबर वाचला गेला, बापू निम्मे उठले, दिवा लागला, अनुमोदन झालं. सर्व्हे नंबर बापूंच्याच प्रभागातला होता.

चौथ्या दिवशी मोर्चा आला. बायका रिकाम्या बादल्या वाजवत होत्या, पोरांनी नाकाला रुमाल बांधले होते. दुसरा कुणी असता तर मागच्या दाराने निघून गेला असता. बापू पायऱ्यांवर आले, निवेदन दोन्ही हातांनी घेतलं, मोर्च्याच्या पुढाऱ्याचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "या मागणीला माझा पाठिंबा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सभेत फेरविचाराचा प्रस्ताव आला. अनुमोदक कोण, ते सांगायला नको. त्या प्रस्तावावरच्या चर्चेत एका विरोधी नगरसेवकाने राजदंड उचलून पळ काढला, सुरक्षारक्षक त्याच्यामागे, महापौर डायसवरून ओरडताहेत. आणि या सगळ्यात बापूंच्या टेबलावरची विषयपत्रिका तेवढी न उघडलेली. पाकिटाचा डिंकही सुटला नव्हता.

चौकशी लागली, लेखापरीक्षणात आक्षेप आला, की सूचकाला बोलावलं जातं. अनुमोदकाला कुणी बोलावत नाही. ठराव चांगला निघाला तर कोनशिलेवर सूचकाच्या खाली नाव येतं; वाईट निघाला तर "मी फक्त अनुमोदन दिलं होतं". त्यातही १९४९च्या कायद्याच्या कलम ४५१ खाली राज्य शासनाने ठराव विखंडित केला, की बापूंना विशेष आनंद होई. "बघा, सूचना झाली, अनुमोदन झालं, सर्वानुमते मंजूर झालं, आणि पालिकेचा एक पैसा खर्च झाला नाही." एवढा काटकसरीचा कारभार कुठल्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही.

तरी बापूंचं अनुमोदन अगदीच आंधळं म्हणता येणार नाही. करांचे दर पालिकेला २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. आयुक्त करवाढ सुचवतात, नगरसेवक ती फेटाळतात, असा आपल्याकडचा जुना शिरस्ता. पण एखाद्या वर्षी वरून निरोप येतो, की थोडी वाढ होऊ द्या. अशा वर्षी बापूंचा रक्तदाब फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वाढतो आणि एकविसाव्या तारखेला उतरतो. डॉक्टरांचं प्रमाणपत्र गटनेत्याकडे वेळेत पोचतं.

एकदा ११ एप्रिलला, फुले जयंतीला, पालिकेने एका प्राध्यापकांचं व्याख्यान ठेवलं. प्राध्यापकांनी १८८०ची गोष्ट सांगितली. जोतीराव तेव्हा पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं म्हणून सगळ्या सभेत एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिलं. सभागृह गंभीर झालं होतं. आभार मानायला बापूंना उभं केलं. ते म्हणाले, "महात्मा फुल्यांच्या त्या ऐतिहासिक विरोधाला मी संपूर्ण अनुमोदन देतो." मग जिना उतरताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "त्या हजार रुपयांच्या ठरावाला अनुमोदक कोण होता हो? कुठे छापलंय का?" नव्हतं, निदान मी वाचलेल्या पुस्तकात तरी. बापू जरा खिन्न झाले.

२०१२ साली महिलांना निम्म्या जागा आल्या. प्रभाग दोन सदस्यांचा झाला, बापूंच्या वाट्याच्या दोन्ही जागा आरक्षणात गेल्या आणि वहिनी उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, बापूच बोलणार, वहिनी सही करणार. पण वहिनी पडल्या जिल्हा परिषदेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी पहिल्याच महिन्यात विषयपत्रिकेचं पाकीट फोडलं. त्या घरात हे पहिल्यांदा घडत होतं. रात्री चष्मा लावून डॉकेट वाचायच्या, लाल पेनाने खुणा करायच्या, आणि सभेत पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला उभं करून विचारायच्या, "टाकी भरते किती वाजता? मग नळाला पाणी दोन तासांनी का?" खातेप्रमुख त्यांच्या प्रभागाची फाइल दोनदा वाचून येऊ लागले.

पण त्यांनी कुणाच्या ठरावाला अनुमोदन दिलं नाही. "न वाचता कसं देऊ?" म्हणायच्या, आणि वाचून झाल्यावर तर नाहीच. त्याचे हिशेब पुढे चुकते झाले. कोणत्या भागात किती वाजता पाणी सुटेल याचा तक्ता प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाबाहेर लावावा, असा साधा ठराव वहिनींनी मांडला. महापौरांनी विचारलं, "अनुमोदक?" स्वपक्षाचे लोक मोबाइल पाहू लागले. विरोधकांना छताचा पंखा आवडला. सभागृहात असली शांतता श्रद्धांजलीलासुद्धा नसते. तेवढ्यात प्रेक्षक गॅलरीत एक खुर्ची कुरकुरली. दोन्ही हातांवर जोर देऊन बापू निम्मे उठले होते आणि समोर नसलेलं माइकचं बटण अंगठ्याने दाबत होते. सुरक्षारक्षकाने त्यांना खांद्याला धरून बसवलं. ठराव अनुमोदकाअभावी बारगळला.

त्या संध्याकाळी घरी काय झालं माहीत नाही. पण २०१७ला चार सदस्यांचा प्रभाग आला आणि वहिनींनी सांगितलं, "आता तुम्हीच जा. माझ्याने इतकी माणसं एका वेळी गप्प बसलेली बघवत नाहीत." चौघांत बापू आले. चौघांच्या पॅनेलमध्ये एक तरी अनुमोदक लागतोच. वहिनींचा तो पाण्याचा तक्ता बापूंनी दुसऱ्या नगरसेवकाकरवी मांडून घेतला, स्वतः अनुमोदन दिलं, आणि तो मंजूर झाला. नळाला पाणी अजून दोन तासांनीच येतं, पण आता ते तक्त्याप्रमाणे येतं.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. आयुक्तच प्रशासक. म्हणजे आयुक्त म्हणून त्यांनी प्रस्ताव ठेवायचा आणि सर्वसाधारण सभा म्हणून त्यांनीच तो मंजूर करायचा. पहिल्या दिवशी मी बापूंना भेटलो तेव्हा ते पेपर घेऊन ओट्यावर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा चिडलेले पाहिले.

"सूचक तेच?"

"तेच."

"आणि अनुमोदक?"

"तेच."

"मग हरकत घेणार कोण?"

मी म्हटलं, "बापू, तुम्ही कधी हरकत घेतली होती?"

"मी नाही घेतली," ते म्हणाले, "पण घेता आली असती ना!"

पुढची पावणेचार वर्षं त्यांनी दिवस काढले ते सोसायटीच्या वार्षिक सभेत, देवस्थानाच्या ट्रस्टवर आणि दशक्रिया विधीला होणाऱ्या शोकसभांत. सोसायटीत लिफ्टचा ठराव आला तेव्हा तळमजल्यावरचा एकच माणूस अनुमोदनाला पुढे आला. तो बापू.

मग १५ जानेवारी २०२६ हा मतदानाचा दिवस ठरला. पक्षाने इच्छुकांच्या मुलाखती ठेवल्या. बापूंच्या आधीच्या तरुणाने कचरा, पाणी, वाहतूक यांवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. बापूंना विचारलं, तुमचं व्हिजन काय? "आत्ता यांनी जे सांगितलं," बापू म्हणाले, "त्याला माझं अनुमोदन आहे." उमेदवारी त्या तरुणाला मिळाली. बापूंनी मनात काही ठेवलं नाही. उमेदवारी अर्जावरही सूचक आणि अनुमोदक लागतो. तरुण पाया पडला, बापूंनी सही केली. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचा मुलगा पेढे घेऊन आला. त्याचे वडील बापूंबरोबर सभागृहात होते.

छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले, सह्या ताडून पाहिल्या आणि बापूंना बोलावणं पाठवलं. दोन्ही पक्षांचे वकील काळे कोट घालून तयार होते.

"या दोन्ही सह्या तुमच्याच?"

"माझ्याच साहेब."

"एकाच जागेला दोन उमेदवारांना अनुमोदन?"

"पोरं दोन्ही चांगली आहेत, साहेब," बापू म्हणाले. "तुम्ही बघा की बोलावून."