उच्चारवाले सर

तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर 'फाडफाड इंग्लिश' अशी पाटी दिसली की समजावं, वर उच्चारवाले सर आहेत. वय तिशीच्या आत, भर उन्हाळ्यात गळ्यात टाय. व्याकरण काय, कुणीही शिकवावं. उच्चार मात्र सरांचं खासगी संस्थान. टेबलावर डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश. मूळ 1917चा, सरांची प्रत फुटपाथवरची.

'ती फुलराणी'तल्या प्राध्यापकाला निदान तरुण फुलवाली मिळाली होती. सरांच्या वाट्याला येतात एस.टी.तून निवृत्त झालेले, मुलीकडे न्यू जर्सीला निघालेले काका. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली ती 2000 साली. काकांची आणि तिची गाठ पाचवीत पडलेली, तीही ओझरती.

सर काकांच्या तोंडासमोर कागदाचा कपटा धरतात. "'पेन' म्हणा. कागद हलला पाहिजे." इंग्रज शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'बरोबर हवा सोडतो, हे खरंच. पण मराठी माणसाकडे हवेसकटच्या 'प'साठी वेगळं अक्षरच तयार असतं. काका दणकून म्हणतात, "फेन!" कपटा थेट जिन्यात.

मग 'झू'. मधमाशीसारखं गुणगुणायचं. काका शेतकऱ्याचे चिरंजीव. "बैलाच्या मानेवरचं जू, तसंच ना?" आणि पहिल्याच फटक्यात जवळपास साहेबासारखा उच्चार. सर खट्टू होतात. या धड्यासाठी त्यांनी अख्खा आठवडा राखून ठेवलेला असतो, फीसकट.

'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर. सर प्रत्येक आघाताला डस्टर आपटतात. काका चारही अक्षरांना समान न्याय देतात. कंडक्टरकीची सवय, कुणाला सोडायचं नाही. खडूची धूळ तेवढी उडते.

खरी लढाई 'व'ची. 'व्हेस्ट'ला वरचे दात खालच्या ओठावर, 'वेस्ट'ला ओठांचा चंबू. "दात नको, काका, दात नको!" सर कळवळतात. काकांची कवळी नवी; ती कुठल्या शब्दाला पुढे यायची हे अजून तिचं तिलाच ठरलेलं नाही.

तास संपतो. "नोट्स व्हॉट्सॅपवर टाकल्यात," सर खणखणीत आवाजात सांगतात. हा शब्द खरा चंबूचा. पण 'व्हॉट', 'व्हाय' असं पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलेल्या मुलखात जोन्ससाहेब तरी काय करणार?

काका चष्म्यावरून बघतात.

"सर, दात लागले."