जरा कमी रेंजमधली

परवा मावशीबरोबर लक्ष्मी रस्त्यावर साडीखरेदीला गेलो. गादीवर टेकतोय न टेकतोय तोच दुकानातल्या माणसानं विचारलं, "नेसायची की द्यायची?" मराठी माणसाच्या अर्थव्यवहारावर याहून नेमका प्रश्न मी तरी ऐकलेला नाही.

"द्यायची. जरा कमी रेंजमधली दाखवा," मावशी म्हणाली. 'स्वस्तातली' हा शब्द चारचौघांत तिच्या तोंडून निघणं शक्य नाही. पहिलीच साडी तिनं हातात घेतली, पदर बघितला, "छान आहे हो," म्हणाली. मग लेबल उलटलं. साडेसहाशे. "नको, चीप दिसते."

साडी तीच, उजेड तोच. बदलली फक्त नजर.

या 'चीप'चं मूळ खरं तर खानदानी. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बाजार, सौदा. लंडनचा चीपसाइड म्हणजे गरिबांची वस्ती नव्हे, भर पेठ. शेजारच्या गल्ल्या अजून ब्रेड स्ट्रीट आणि मिल्क स्ट्रीट म्हणवतात. माल स्वस्त मिळाला तर लोक 'गुड चीप' म्हणत, म्हणजे सौदा चांगला झाला. पुढे बोलता बोलता 'गुड' गळून पडला. चांगुलपणा गेला आणि मागे राहिलेल्याची अब्रूही गेली.

इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही. 'सवंग'चं आपण तेच केलं. अर्घ म्हणजे किंमत. महार्घचा झाला महाग, समर्घचा सवंग. सख्खी भावंडं. गुजरातीत मोंघुं आणि सोंघुं अजून एकाच बाजारात हिंडतात. आपल्याकडे सवंग बाजारातून उठला तो थेट पुढाऱ्यांच्या लोकप्रियतेला जाऊन चिकटला. दहा रुपयांच्या जुडीला आज कुणी सवंग म्हणालं तर मेथीच रागावेल. सवंगाई कोशात पडून आहे आणि महागाईला सरकारी भत्ता मिळतो.

किंमत खाली आली की इभ्रतही खाली येते, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. म्हणून पाटीवर 'रास्त भाव दुकान'. रांगेतल्यांसाठी ते रेशनचंच. बिल्डरचा शब्द त्याहून गुळगुळीत: अफोर्डेबल. जीएसटीच्या हिशेबात ४५ लाखांपर्यंतचं घर अफोर्डेबल ठरतं, महानगरात चटईक्षेत्र ६० चौरस मीटरच्या आत असलं की झालं. कुणाला परवडतं, हे नियमात लिहिलेलं नाही. शब्द मात्र सगळ्यांना परवडतो.

आणि ज्यांनी खरोखर स्वस्त वस्तू केली, त्यांचं काय झालं? २००८ साली टाटांनी लाखाची नॅनो दाखवली तेव्हा जग थक्क झालं. स्कूटरवर नवरा, बायको आणि मध्ये चेंगरलेली दोन पोरं बघून सुचलेली गाडी. पण 'सर्वांत स्वस्त' हे बिरुद गाडीला असं चिकटलं की ज्या स्कूटरवाल्यासाठी ती केली तोच ती दारात लावायला लाजला. हा शिक्का बसायला नको होता, असं रतन टाटांनी पुढे स्वतःच सांगितलं. माणूस गाडी बसायला घेतो थोडीच? शेजाऱ्यांनी बघायला घेतो.

त्या मानानं लोकलमधला कंगवे विकणारा शहाणा. 'चीप अँड बेस्ट' असं तो एका दमात म्हणतो. चीपला एकट्यानं डब्यात सोडत नाही.

असो. इकडे गादीवर साड्यांचा ढीग झाला होता. अखेर द्यायला बाराशेची ठरली, आणि आलोच आहोत तर म्हणून मावशीला नेसायला एक साडेचार हजारांची. "द्यायचीवरचं लेबल काढा हं," तिनं बजावलं. त्या माणसानं सवयीनं अंगठ्याच्या नखानं ते खरवडलं आणि दुसऱ्या साडीकडे हात नेला.

"तिच्यावरचं राहू द्या," मावशी म्हणाली.