न वाकणाऱ्यांची सोय

देवळाली प्रवरात सकाळी फिरायला निघणाऱ्या आजोबांची खरी कसरत रस्त्यावर नव्हे, उंबऱ्यापाशी होते. डॉक्टर सांगतात, बूट घाला. कंबर सांगते, वाकू नका. यावर हातभर दांड्याचा शूहॉर्न हा साधा उपाय. खुर्चीत बसायचं, त्याचं टोक बुटात टाचेमागे सरकवायचं आणि टाच अलगद आत घसरू द्यायची. पाठ ताठच्या ताठ. पण तो विकत कशाला आणायचा? घरात नातू आहे ना! तो मोबाइलमधून मान वर काढेपर्यंत आजोबा एका पायात बूट घालून बसतात. स्वावलंबनापेक्षा सेवा करवून घेण्यातच आपली प्रतिष्ठा.

सरकारनेही विचार केलाय. २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण केलेल्या पात्र ज्येष्ठांना सहाय्यक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमरेचा पट्टा आहेत. शूहॉर्न असलाच तर 'इत्यादी'त. बरोबरच आहे. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला न वाकता काम उरकायची सवय लागली, तर ते कोणत्या कार्यालयाला परवडेल?