स्पॉन्सर साहेब येत आहेत!

हिंजवडीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या कंपनीत मार्चचा पहिला आठवडा उजाडला की एका बाईची झोप उडते. ती म्हणजे महिला कर्मचारी गटाची प्रमुख. कंपनीच्या बोलीत ‘ईआरजी लीड’. आठ मार्चला गुलाब किती, जांभळे फुगे किती, केक एगलेस की साधा, आणि मुख्य म्हणजे स्पॉन्सर साहेब बाराला येणार की सव्वाबाराला, हे सगळं तिच्याच गळ्यात. वर रोजचं काम आहेच. रिलीज काही महिला दिनासाठी थांबत नाही.

स्पॉन्सर म्हणजे गटाचं पालकत्व घेतलेला कुणी उपाध्यक्ष वगैरे. जिल्ह्याला पालकमंत्री असतो तसाच: ध्वजारोहणाला हजर, टंचाईच्या बैठकीला बाहेरगावी. त्याच्या भाषणात आई, पत्नी आणि मुलगी या तिघी याच क्रमाने येतात. शेवटी ‘माझं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे’ हे वाक्य येतं. ते दार काचेचं असतं, कार्डाशिवाय उघडत नाही आणि त्याच्या अलीकडे सेक्रेटरी बसलेली असते. पण टाळ्या पडतात, फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत तो लिंक्डइनवर झळकतो. सगळ्यांत जास्त लाइक एच.आर.चे असतात.

या प्रथेच्या मुळाशी मात्र केक नव्हता, दंगल होती. १९६४च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर शहर वर्णद्वेषाविरुद्धच्या रागातून पेटलं. ज्या कंपनीचं नाव आपल्याकडे तहसील कचेरीसमोरच्या प्रत्येक टपरीवर रंगवलेलं असतं, त्या झेरॉक्सचं मुख्यालय तेव्हा त्याच शहरात होतं. कंपनीचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी हा प्रश्न पोलिसांवर सोडून दिला नाही. १९६८मध्ये विल्सन आणि पीटर मॅकोलो यांनी आपल्या सगळ्या व्यवस्थापकांना पत्र धाडलं: कृष्णवर्णीयांना नोकऱ्या द्यायच्या, आणि त्यासाठी मुद्दाम प्रयत्न करायचे.

नोकऱ्या मिळाल्या. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला कॉपियर विकणाऱ्या कृष्णवर्णीय विक्रेत्यांच्या लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. विक्रेत्याची कमाई कमिशनवर, कमिशन इलाक्यावर, आणि धंद्याचे इलाके नेमके दुसऱ्यांच्या वाट्याला जात होते. कौशल्य कितीही असलं तरी ज्या रस्त्यावर गिऱ्हाईकच नाही तिथे काय विकणार? मग ही मंडळी काम सुटल्यावर एकमेकांच्या घरी जमू लागली. कंपनीचा वेळ नाही, कंपनीचा पैसा नाही, आणि अर्थातच फुगे नाहीत. तिथे ते एकमेकांसमोर विक्रीची तालीम करत. एकाने गिऱ्हाईक व्हायचं, दुसऱ्याने मशीन गळ्यात मारायचं, बाकीच्यांनी चुका काढायच्या. कुणाला कुठला इलाका मिळाला याचा हिशेबही तिथेच जुळला. १९७०मध्ये अशा गटांना देशपातळीवरचं रूप आलं आणि आजच्या ईआरजींची वंशावळ बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. कंपनीने हे गट मोडून काढले नाहीत, त्यांच्याशी बोलणी केली.

खरा स्पॉन्सर कसा असतो हे पाहायलाही झेरॉक्सच बरी. १९८९च्या सुमाराची गोष्ट. एका सभेत कुणीतरी विचारलं, या विविधतेच्या उपक्रमांनी कंपनीचा दर्जा नाही का घसरत? मंचावरचे वरिष्ठ अधिकारी वेलँड हिक्स यांनी शांतपणे उत्तर दिलं. अर्सुला बर्न्स या तरुण इंजिनीअरला नेमका त्या शांतपणाचाच राग आला. असल्या प्रश्नाला तुम्ही मुळात किंमत दिलीच कशी, असं तिने हिक्स यांना भर सभेत सुनावलं. आपल्याकडे अशा मुलीच्या अप्रायझलमध्ये ‘अ‍ॅटिट्यूड’ हा एकच शब्द पडतो आणि दोन वर्षांची बढती जाते. हिक्स यांनीही तिला बोलावून समज दिली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे तिच्याशी भेटीगाठी चालू ठेवल्या आणि १९९०मध्ये तिला आपली कार्यकारी साहाय्यक नेमलं. वर्षभरात कंपनीचे प्रमुख पॉल अलेअर यांनी तिला आपल्याकडे ओढलं. २००९मध्ये बर्न्स झेरॉक्सच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. फॉर्च्युन ५००मधल्या कंपनीच्या प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. हिक्स यांचं दार उघडं होतं की बंद, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

पुण्याला मात्र एकत्र येऊन हक्क मागण्याचा धडा अमेरिकेकडून घ्यायची गरज नव्हती. साठच्या दशकाच्या मध्यावर पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत सुट्ट्यांच्या यादीतून आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंती गाळल्या गेल्या. दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने हरकत घेतली, तर त्यांनाच निलंबित केलं गेलं. कांशीराम त्याच प्रयोगशाळेत नोकरीला होते. ते दीनाभानांच्या पाठीशी उभे राहिले, प्रकरण लढवलं गेलं आणि सुट्ट्या परत आल्या. १९७१मध्ये कांशीराम यांनी मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक कर्मचाऱ्यांची संघटना बांधली, तिच्यातूनच पुढे ६ डिसेंबर १९७८ला बामसेफ उभी राहिली. या कहाणीत स्पॉन्सर कुणी नव्हता. साहेब लोकांचं योगदान निलंबनाच्या आदेशापुरतं.

सॅन फ्रान्सिस्कोत इलाक्यांची वाटणी, पुण्यात सुट्ट्यांची यादी. दोन्हीकडे मागणी कागदावर दाखवता येईल एवढी नेमकी होती. आजच्या गटांचं ध्येय विचारा, ‘आपलेपणाची भावना रुजवणे’ असं उत्तर मिळेल. ती रुजली की नाही हे मोजायचं कुणी, हा प्रश्न निघेपर्यंत केक संपलेला असतो.

कंपन्यांच्या वकिलांनाही असे गुळगुळीत शब्दच प्रिय. अमेरिकेत १९३५च्या कामगार कायद्याने मालकाने पोसलेल्या कामगार संघटनांना मनाई आहे. म्हणून कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या गटाने पगारावर वाटाघाटी करू नयेत, असा तिथल्या वकिलांचा सल्ला असतो. जनरल मोटर्सने तर गटांच्या नियमातच धर्माधिष्ठित गट नकोत असं लिहून ठेवलं होतं. एका कर्मचाऱ्याने ख्रिस्ती गट मागितला, नकार मिळाला, तो कोर्टात गेला. २००५मध्ये अपील न्यायालय म्हणालं, कंपनी सगळ्याच धर्मांना सारखाच नकार देते, मग भेदभाव कसला? हा नियम आपल्याकडच्या ऑफिसात लावला तर गणपती कोण बसवणार, हा प्रश्न कोर्टापेक्षा अवघड ठरेल.

२०२५च्या जानेवारीत ट्रम्प यांनी विविधतेच्या कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले आणि अनेक अमेरिकी कंपन्यांनी हात आखडता घेतला. कालपर्यंत फोटोत पुढे उभे असलेले काही साहेब आता चौकटीच्या बाहेर सरकतील. नेमक्या मागणीवर सही केलेल्याला असं सरकता येत नाही. ती सही फायलीत राहते.

आणि नेमकं मागण्यासारखं आपल्याकडे भरपूर आहे. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात आणलेला नियम असा, की पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. गटप्रमुखाने स्पॉन्सरला गुलाब देताना हळूच विचारावं, आपलं पाळणाघर कितव्या मजल्यावर आहे?

आता हे विचारणाऱ्या बाईच्या पदरात काय पडतं ते पाहू. गट चालवण्याचं काम बहुतेक ठिकाणी फुकटात होतं. जेवणाच्या सुट्टीत, नाहीतर रात्री मुलं झोपल्यावर. लिंक्डइनने २०२१मध्ये आपल्या कर्मचारी गटांच्या जागतिक प्रमुखांना पगाराशिवाय वर्षाला दहा हजार डॉलर देण्याचं जाहीर केलं, तेव्हा ती बातमी झाली. हिंजवडीत एवढे डॉलर कुणी मागत नाही. पण स्पॉन्सर साहेब, एक गोष्ट तुमच्या हातात आहे. गटप्रमुखाचं वर्षभराचं काम अप्रायझलच्या शेवटच्या पानावर ‘इतर उपक्रम’ या सदरात, रांगोळी स्पर्धेच्या शेजारी पडलेलं असतं. ते उचलून रेटिंगच्या रकान्यात घाला. त्याला बोर्डाची मंजुरी लागत नाही आणि बजेटही लागत नाही, एच.आर.ला तुमचा एक मेल पुरतो.