आधी मायनस!

बॅटरी सोडवायला लागणारं सामान: दहाचा पाना (बहुतेक गाड्यांना हाच चालतो), हातमोजे, चष्मा आणि एक जुनं सुती फडकं. न मागवता हजर होणारं सामान: सोसायटीतले एक-दोन काका. त्यांच्याशी जरूर बोलावं, पाना मात्र हातात देऊ नये.

इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकावी. एक काच आधीच खाली घेतलेली बरी, कारण बॅटरी काढल्यावर सेंट्रल लॉक कुणाचं ऐकत नाही. काकांची विडी विझवावी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याला ठिणगी फार आवडते.

आता हातातलं घड्याळ, कडं, अंगठी उतरवावी. शनीसाठी घातलेली घोड्याच्या नालेची अंगठीसुद्धा. बारा व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवतही नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तीच अंगठी प्लस आणि गाडीच्या पत्र्यामध्ये सापडली, तर तिच्यातून शेकडो अँपिअर धावतात आणि ती बोटातच लालभडक होते. साडेसाती परवडली.

मग आधी मायनस सोडवायचा. काका लगेच म्हणतील, "काही फरक पडत नाही रे, आम्ही कायम प्लसच आधी काढला." वाद घालू नये, त्यांच्या भुवया अजून आहेत का एवढं बघावं. हल्लीच्या गाड्यांत मायनसची वायर थेट बॉडीला जोडलेली असते, म्हणजे अख्खा पत्रा हाच मायनस. तो जोडलेला असताना प्लसचा नट फिरवायला गेलात आणि पान्याचं शेपूट पत्र्याला टेकलं, की झाला शॉर्ट सर्किट. मायनस आधी काढला की पाना पत्र्यावर कुठेही आपटा, काही होत नाही. खूण रंगावरून ओळखू नये, लाल टोपी कुणीही कुठेही बसवतं. बॅटरीवर कोरलेलं चिन्ह वाचावं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली, तर ती विभूती समजून बोट लावू नये. आम्लाची करणी आहे. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसावी. क्लॅम्प अडकला असेल तर हातोडी नको, हलकेच पिळत वर ओढावा. सुटलेली मायनसची वायर फडक्यात गुंडाळून बाजूला वळवावी, नाहीतर ती आपणहून जागेवर परत येते. एअरबॅगजवळ काम असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढा वेळ थांबावं. बॅटरी सुटली तरी एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठून राहते. या वेळात चहा होतो.

जोडताना उलटं: आधी प्लस, शेवटी मायनस. नट आवळल्यावर क्लॅम्प हाताने हलवून बघावा. जराही हलला तर गाडी उद्या सकाळी, नेमकी ऑफिसच्या वेळेला, नुसती टकटक करेल.