नायट्रोजनची पत

एका अक्षराचा फेरफार करून थोर घराण्याचे नाव धारण केलेल्या, टपरीवर माळेसारख्या लटकणाऱ्या स्वस्त वेफर्सच्या पुड्यात आणि अस्सल पुड्यात भेद काय, असे काही अज्ञ जन विचारतात. अस्सल पुड्यातील रिकामी जागा शुद्ध नायट्रोजनने भरलेली असते; नकली पुड्यात गिऱ्हाइकाच्या पदरी बहुधा गल्लीतलीच हवा पडते. अस्सलतेची ही चाड पुड्यापाशीच थांबती तर अपुरी ठरती; म्हणूनच २०१९ साली अस्सल पुडे भरणाऱ्या पेप्सिकोने आपल्या वाणाचा बटाटा विनापरवाना पिकवल्याबद्दल गुजरातेतील चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी कोटीहून अधिक रकमेचे दिवाणी दावे गुदरले आणि बटाट्यालाही सनद लागते, हे रयतेच्या निदर्शनास आणून दिले. निवडणुकीच्या त्या हंगामात लोकक्षोभ उसळताच ते दावे मागे घेण्यात आले, हे शिस्तीच्या दृष्टीने शोचनीय होय. नायट्रोजनबाबत अद्याप दावा लागलेला नाही. तरी श्वास घेणाऱ्यांनी पावती जपून ठेवावी.