दोष कुणाचाच नाही

नवं ग्राफिक्स कार्ड घेताना दुकानदाराला लिनक्सचं नाव सांगू नये. तपकीर गल्लीतला दुकानदार तोवर मला 'सर' म्हणत होता. लिनक्स म्हटल्यावर 'काका' म्हणायला लागला, आणि बिलावरचा 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का त्याने जरा दाबूनच मारला.

कार्ड कॅबिनेटमध्ये बसलं, पंखे फिरले, पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी भराभर सरकल्या आणि पडदा काळा झाला. बंद नव्हे, काळा. बंद संगणक उचलून दुकानात तरी नेता येतो. इथे कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा इमानदारीत लागत-विझत होता. म्हणजे आतमध्ये सगळं ठीक चाललेलं, फक्त मला दाखवायचं नाही.

"मामा, विंडोज टाक ना," भाचा म्हणाला. त्याला चहा आणायला पाठवलं आणि एका लिनक्सवाल्या मित्राला फोन लावला. ही माणसं 'काय झालं' असं विचारत नाहीत. 'लॉग काय म्हणतोय' विचारतात. अरे, पडदाच दिसत नाही तर लॉग कुठे वाचू? त्यावरही उत्तर तयार होतं. संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'ई' दाबायचं, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहायचं आणि एफ-१० दाबायचं. याचा अर्थ कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, कार्डाच्या वाटेला जायचं नाही, संगणक सुरू होताना जे साधं चित्र मिळालं त्यावरच भागवायचं.

चित्र आलं. 1024 बाय 768. रुंद मॉनिटरवर ते आडवं ताणलं गेलं. बातम्या लावून बघितल्या.

"अहो, हे बातम्या देणारे एवढे जाड कधी झाले?" बायकोने मागून विचारलं.

तेही बिचारे अडखळत बोलत होते, कारण चित्र काढायचं काम 'एलएलव्हीएमपाइप' करत होता. हा मेसा ग्राफिक्स प्रणालीतला एक भाग. कार्ड हाताशी नसलं की त्याचं काम तो प्रोसेसरकडून करून घेतो. नवा जावई सोफ्यावर बसलाय आणि सासरेबुवा भांडी घासतायत, असा प्रकार.

मग आधीच्या, काळ्या पडद्याच्या बूटचा कर्नल लॉग वाचला. पानभर बडबडीत एक लाल ओळ सापडली: फर्मवेअर फाइल लोड झाली नाही, एरर उणे 2. उणे 2 म्हणजे अशी फाइलच नाही. कर्नल मी हौसेने नवा घातला होता, त्याने कार्ड बरोबर ओळखलंही. पण चालू होताना कार्डात जो छोटा प्रोग्रॅम भरावा लागतो, तो येतो वेगळ्या पॅकेजमधून, आणि माझ्याकडचं पॅकेज कार्डाच्या जन्माआधीचं. लिनक्समध्ये हेच छळतं, दोष कुणाचाच नसतो. कार्ड उत्तम, कर्नल हुशार, पॅकेज स्थिर. तिघेही आपापल्या जागी बरोबर, म्हणून पडदा काळा.

ज्याने 1991 साली हा कर्नल लिहायला घेतला, त्या लिनस टोरवाल्ड्सचाही ग्राफिक्सपायी तोल गेलेला आहे. 2012 साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात त्याने कॅमेऱ्याकडे बघून ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हीडियाला मधलं बोट दाखवलं होतं. त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला तो 2022 च्या मे महिन्यात. माझं कार्ड त्यांचं नव्हतं, त्यामुळे मला ते बोटही उसनं घेता येईना.

पुढचं काम किरकोळ. नवं फर्मवेअर पॅकेज उतरवलं, ते बूटच्या वेळी हाताशी असावं म्हणून 'अपडेट-इनिटरॅमएफएस' चालवलं, रीबूट केलं. 'ई' दाबून लिहिलेलं नोमोडसेट एका बूटपुरतंच टिकतं, ते आपोआप गेलं. काही महाभाग ते ग्रबच्या फाइलीत कायमचं लिहून ठेवतात आणि मग नवं कार्ड संथ आहे म्हणून जन्मभर कुरकुरतात. पडदा उजळला, निवेदक बारीक झाले. भाच्याने आणलेला चहा मात्र तोवर गार झाला होता.

तुम्हीही कार्ड घेणार असाल तर आधी आपल्याकडच्या कर्नल, मेसा आणि फर्मवेअर या तिघांच्या तारखा बघा. एक जरी कार्डाहून जुना निघाला तर पैसे खिशातच ठेवा आणि पुढच्या आवृत्तीची वाट बघा. तोवर कार्ड कदाचित स्वस्तही होईल.